रिकाम्या दुपारची धाड

सुलोचनाबाईच्या गळ्यात दोन वस्तू असतात. एक मंगळसूत्र आणि दुसरी स्टीलची शिट्टी. मंगळसूत्र एकदा गाठवायला सोनाराकडे गेलं तेव्हा चार दिवस गळ्यात नव्हतं. शिट्टी मात्र बारा वर्षांत एकदाही उतरली नाही, आंघोळीलासुद्धा नाही. नवरा महादेवराव म्हणतो, "मले भेव वाटते, एखाद्या रात्री झोपीत वाजवशीन आन् सारं गाव माह्या खाटेभोवती उभं राहीन."

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. दारू आहे, हेही सगळ्यांना माहीत आहे. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत सुलोचनाबाईनं आपली बारा वर्षं घातली. आंजीच्या पुढे, नाल्याला लागून तिचं गाव. नाव लिहीत नाही. लिहिलं की तिथलेच चार जण उठून विचारतील, "आमचंच काऊन लिहिलं?"

बाई चौथी शिकलेली. सख्खा भाऊ डोमाजी दारूनं गेला. त्याच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी ती काठी घेऊन नाल्यावर गेली आणि पहिला माठ फोडला. तेव्हा बायांचं दारूबंदी मंडळ नव्हतं, ठराव नव्हता, शिट्टीही नव्हती. मागून देवकाबाई आली, हातात मुसळ घेऊन. घरातलं एवढंच एक हत्यार तिला सापडलं होतं. मग आणखी सहाजणी आल्या. मंडळ झालं ते असं. मंडळाची रीतही तिथेच नाल्यावर ठरली: आधी फोडायचं, मग विचारायचं. विचारत बसलं तर माल पाठीमागून निघून जातो, आणि बाया रिकाम्या हातानं, हसं करून घेऊन घरी परत येतात. शिट्टी वाजली की हातातलं टाकून यायचं. तव्यावर भाकर असली तरी.

दोन वर्षांपूर्वी गावातली शेवटची भट्टी विझली. आता जी दारू येते ती बाहेरून येते, मोटरसायकलच्या डिक्कीतून. तिच्यासाठी फोन करावा लागतो, काठी उगारावी लागत नाही. गावात शांतता झाली. बाया रात्री झोपू लागल्या. म्हणजे झालं ते चांगलंच झालं.

आणि इथूनच सुलोचनाबाईचं बिनसायला लागलं.

अर्धा एकर भाजीची वाडी आहे. सकाळी वांगी, वाल तोडायचे, मेथीच्या जुड्या बांधायच्या. महादेवराव लुनावर माल घेऊन बाजारात जातो. अकरा-साडेअकराला जेवण उरकतं. त्यानंतर दुपार लागते, आणि ती दुपार संपतच नाही. सुलोचनाबाई ओट्यावर बसते, उठते, आत जाऊन गंजातलं पाणी बघते, परत बाहेर येते. टीव्ही लावते, बंद करते. एकदा दोन तास मोबाईल बघितला. एका बाईनं दुसऱ्या बाईच्या डोक्यावर पीठ टाकलं, एक माकड सायकलवर बसलं, असलं काहीबाही. बघून झालं तेव्हा डोकं पाट्यावर वाटल्यासारखं झालं होतं आणि घड्याळात फक्त अडीच वाजले होते.

उपकेंद्रातल्या सिस्टरकडेही ती जाऊन आली. बीपी बरोबर निघालं.

"झोप लागते?"

"लागते."

"भूक?"

"लागते."

"मग होते काय तुम्हाले?"

"हेच तं सांगता येऊन नाई राह्यलं, बाई. काहीतरी होऊन राह्यलं."

सिस्टरनं ताकदीच्या गोळ्या दिल्या. त्यानं ताकद वाढली आणि भांडणंही वाढली.

तिला करमत नव्हतं, एवढंच होतं. पण हा शब्द ती स्वतःसाठी वापरणार नव्हती. करमत नाही हे नव्या नवरीनं म्हणावं, नाहीतर मामाकडे आलेल्या पोरानं. कंटाळा हा भरल्या पोटाचा चोचला असं तिचं पक्कं मत होतं, आणि ज्या बाईच्या नावानं भट्टीवाले गाव बदलत होते तिला असले चोचले परवडत नव्हते. म्हणून पोटातल्या त्या चुळबुळीला तिनं वेगळं नाव दिलं. ती म्हणू लागली, "मले शंका येऊन राह्यली."

शंका म्हटलं की कसं, माणूस कामाचा वाटतो.

पौषातला गुरुवार होता. दुपारी दीडच्या सुमाराला ती काही कारण नसताना घराबाहेर पडली. पाय नेतील तिकडे निघाली आणि पोचली नंदिनीच्या वाडीमागे. नंदिनी म्हणजे गावाच्या टोकाला राहणारी सत्तावीस-अठ्ठावीसची पोरगी. वर्ध्याला कॉलेज केलेली. नवरा ट्रकवर असतो, आणि ही फवारणी न करता भाजी पिकवून वर्ध्यातल्या वीसेक घरांना स्कूटीवरून पोचवते. त्या दिवशी ती तिकडेच गेली होती.

वाऱ्यासोबत वास आला. गूळ आंबल्याचा.

सुलोचनाबाई जागच्या जागी ताठ झाली. असा वास बारा वर्षं नाकात साठवलेला होता. दारूसाठी आंबवलेला गुळाचा सडवा! लिंबाखाली निळा ड्रम, वर ओलं पोतं झाकलेलं. पोतं उचललं तर वर फेस, आणि फेसातून बुडबुडे फुटताहेत. शेणाचाही वास होता, पण गावात शेणाचा वास कुठं नसतो? शेजारी गाय बांधलेली होती, तिच्यावर तो वास लिहून टाकला.

छातीत कसं भरून आलं म्हणून सांगू! कित्येक महिन्यांनंतर बाई जिवंत झाली. तिनं शिट्टी तोंडात घातली आणि फुफ्फुसं रिकामी होईस्तोवर वाजवली.

आठजणी धावत आल्या. एकीच्या कोपरापर्यंत पीठ होतं. देवकाबाईच्या हातात मुसळ होतंच. ती धापा टाकत म्हणाली, "थांब वो, पह्यले पाह्य तं खरी काय हाय ते. नंदिनीच्या घरी दारू?"

"पाहू काय? वास घे ना! कालेजातल्या पोरी जास्त हुशार असतात." आणि सुलोचनाबाईनं ड्रमला खांदा लावला.

दोनशे लिटर होतं. ते एका दमात आडवं झालं आणि सगळ्यांच्या पायांवरून वाहत वांग्यांच्या वाफ्याकडे गेलं. हिरवट, काळपट. त्यात शेणाचे लोंदे होते. सुलोचनाबाईचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. पीठवाली बाई खाली वाकली, बोट बुडवून नाकाशी नेलं आणि म्हणाली, "माय वो, हे तं गायीचं मूत हाय."

तेवढ्यात स्कूटी आली. नंदिनीनं हेल्मेट काढलं, ड्रमकडे पाहिलं, बायांकडे पाहिलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, सुलोचनाबाईला ओरडण्याला उत्तर देता येतं.

"मावशी, जीवामृत होतं ते. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन. पाच दिवसांपासून ढवळून राह्यली होती. उद्या द्यायचं होतं वांग्यांना."

"मंग गुळाचा वास..."

"गूळ टाकला तं गुळाचाच वास येईन ना, मावशी."

मागून एकजण फिसकन हसली. मग दुसरी. मग सगळ्याच हसायला लागल्या, देवकाबाईसुद्धा, मुसळावर हनुवटी टेकवून. कुंपणापलीकडून कोणीतरी व्हिडिओ काढला होता. संध्याकाळपर्यंत तो गावभर फिरला. खाली लिहिलं होतं: दारूबंदी मंडळाची शेणावर यशस्वी धाड.

हसण्याचं तिला फार वाटलं नाही. बारा वर्षांत शिव्या खाल्ल्या, एकदा दगडही खाल्ला. जे लागलं ते रविवारी लागलं. एक अनोळखी मोटरसायकल, डिक्की पोत्यानं बांधलेली, शाळेमागे थांबली. सुलोचनाबाईनं शिट्टी वाजवली. एक मिनिट गेलं, दोन गेली. एकही दार उघडलं नाही. मोटरसायकलवाला तिच्याकडे पाहून निवांत किक मारून गेला. डिक्कीत दारू होती की दुधाची भांडी, हे तिला कधीच कळणार नव्हतं.

ती तडक देवकाबाईकडे गेली.

"शिट्टी आयकू नाई आली?"

"आली ना."

"मंग?"

"भाकर होती तव्यावर."

"आधी भाकरी जळत होत्या तरी येत होती तू!"

"आता नाई जळू देत," देवकाबाई म्हणाली. मग आवाज खाली आणून, "सुलोचना, खरं सांग. त्या दिवशी तुले खबर होती का कोनाची? का असंच?"

सुलोचनाबाईला "शंका आली" म्हणायचं होतं. ते न म्हणताच ती परत फिरली. वाटेत तिला स्वतःचाच राग आला, मग देवकाबाईचा आला, मग त्या हसणारीचा, मग महादेवरावाचा. महादेवराव तर बिचारा घरी वालाच्या शेंगा निवडत बसला होता.

"तुमच्यामुळं झालं हे सारं," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला. "काय झालं?"

दुसऱ्या दिवशी ती नंदिनीकडे गेली. माफी मागायची सवय नव्हती, म्हणून भांडायला आल्यासारखीच उभी राहिली. "भरपाई सांग काय ते."

"भरपाई नको. माहा हात दुखते," नंदिनीनं मनगट दाखवलं. "नवं करून राह्यली आजपासून. सात दिवस सकाळ-संध्याकाळ येऊन ढवळून द्या."

"एवढंच?"

"एवढंच. पण काठी एकाच बाजूनं फिरवायची, हळू. पाव घंटा. आन् फोन घरी ठेवून येजा. मागच्या खेपेले माहा फोन ड्रमात पडला होता."

पाव घंटा म्हणजे काय, सुलोचनाबाईला वाटलं. इतका वेळ तर आपण पोलिसांशी नुसतं नाव सांगण्यावरून वाद घातला आहे.

पहिल्याच संध्याकाळी कळलं. काठी एक फेरा फिरली, दहा फिरली, पन्नास फिरली. ड्रममध्ये एक भोवरा, त्यात बेसनाच्या चार गाठी गोल गोल. बस्स. आधी पोटऱ्यांत मुंग्या आल्या. मग खांद्यात काहीतरी वळवळलं. मग हात गळ्याशी गेला, शिट्टी चाचपायला. तिचं तिलाच कळलं नाही हात कधी गेला. तो खाली आणला. परत गेला. "काय हाय हे?" ती मोठ्यानं म्हणाली.

"काय?" नंदिनी मेथी खुडता खुडता म्हणाली.

"काई नाई. तू तुहं काम कर."

तिसऱ्या दिवशी राग आला. उगाच, कोणावर नाही. सुलोचनाबाई रागाला चांगली ओळखते, रागावरच तिनं आयुष्य चालवलं आहे. पण हा कोणता? याला धनीच नव्हता. काठी फिरत होती आणि हा राग डोक्यात घरोघर हिंडत होता, कोणाच्या दारात बसू म्हणून. सरपंचाच्या दारात बसून पाहिलं, जमलं नाही, तो आठ दिवस बाहेरगावी होता. महादेवरावाच्या दारात बसला. सकाळी तो चहा फुंकून प्यायला होता. तीस वर्षं फुंकूनच पितो.

काठी थांबली.

"नंदिनी, एक सांगू? डोमाजी मेला तेव्हा मले राग आला होता. कोनाचा, ते पक्कं मालूम होतं. त्याचं नाव, त्याचं घर, त्याचा माठ. खरा राग नाव घेऊनच येते. हा आधी येते, आन् मंग नाव धुंडाळत फिरते."

"मंग हा राग नसन."

"मंग काय हाय?"

नंदिनीनं जुडीला गाठ मारली. "मले बी होते, मावशी. दुपारी. माहा हात फोनवर जाते. मागच्या महिन्यात नुसतं करमत नव्हतं म्हणून ब्रोकोलीचं बी मागवलं. इथं कोन खाते ब्रोकोली? तुमचा हात शिट्टीवर जाते, एवढाच फरक."

करमत नव्हतं. पोरीनं सरळ म्हटलं, भाजीचा भाव सांगावा तसं. सुलोचनाबाईला ते पटलं का? नाही पटलं. तिला ते ऐकून झोंबलं. म्हणजे दोन वर्षं आपण शंका शंका म्हणत होतो ते हेच? मग त्याआधीचं? नाल्यावरची ती सगळी धावपळ, त्यातली किती डोमाजीसाठी आणि किती रिकाम्या दुपारींसाठी? हा प्रश्न तिला अजिबात आवडला नाही. तो ड्रममध्ये ढवळला तरी विरघळेना. ती तशीच काठी फिरवत राहिली, कारण पाव घंटा व्हायचा होता आणि तेवढी एकच गोष्ट तिला नक्की माहीत होती.

पाचव्या दिवशी मुंग्या आल्या तेव्हा ती पोटऱ्यांना म्हणाली, "आल्या का? या." त्या आल्या, राहिल्या, आणि काठी फिरत असतानाच कधीतरी गेल्या. जाताना दिसल्या नाहीत. सहाव्या दिवशी आल्या त्या गेल्याच नाहीत, पार घरापर्यंत सोबत आल्या. याचा काही नियम दिसेना.

सातव्या दिवशी, संध्याकाळी पाचच्या सुमाराला, शेवटचं ढवळणं चालू होतं आणि नाल्याकडून वारा आला.

गूळ आंबल्याचा वास.

सुलोचनाबाईनं ड्रमात पाहिलं. ड्रमाला वास होताच, गुळाचाच. मग हा याचा की तिकडचा? छाती भरून यायला लागली, अगदी त्या गुरुवारसारखी. हात गळ्याशी गेला. तिनं ओळखलं, गेला. आता हे काय म्हणायचं? खबर नाही, कोणी सांगितलं नाही, पाय तर आधीच निघाले आहेत. परत तेच का? का खरं? बारा वर्षांचं नाक आणि सात दिवसांची काठी, कोणाचं ऐकायचं? परत शिट्टी वाजली आणि परत शेण निघालं, तर या गावात तिच्या शिट्टीला कुत्रंही उठणार नव्हतं. आणि खरंच भट्टी असली आणि ती गप्प बसली, तर?

तिनं पाव घंटा पूर्ण केला. हे सोपं नव्हतं. शेवटचे फेरे ती दात आवळून मोजत होती. काठी बाहेर काढली, पोतं झाकलं, हात धुतले. वास होताच.

"नंदिनी, इकडं ये. वास घे."

"जीवामृताचा?"

"मले नको विचारू. माह्या नाकाचा मले भरोसा नाई राह्यला."

दोघी नाल्याकडे चालत गेल्या, धावल्या नाहीत. बेशरमच्या झुडपांमागे तीन डबे होते, शेजारी दगडांची चूल, राख अजून कोमट. नंदिनी वाकली, एका डब्यावरचं प्लास्टिक उचललं आणि तोंड फिरवलं.

"गूळ हाय, मावशी. पन शेण नाई."

सुलोचनाबाईनं गळ्यातली शिट्टी काढली. बारा वर्षांत पहिल्यांदा. दोरी केसांत अडकली, ती ओढून सोडवली. "धर. तू वाजव."

"मी? मले नाई येत."

"माही कोनी आयकत नाई आता. वाजव."

नंदिनीनं वाजवली. अर्धी हवाच निघाली, पिपाणी फाटल्यासारखी. परत वाजवली. मग बराच वेळ काही झालं नाही. नाल्यात पाणी हलत होतं, एक बगळा उडाला. सुलोचनाबाई शिट्टीविना गळ्यावर हात ठेवून उभी होती.

मग बांधावर मुसळ दिसलं. मागं देवकाबाई. मागं पीठवाली, तिच्यामागं आणखी चौघी.

"कोनं वाजवली वो?" देवकाबाई धापा टाकत म्हणाली. "असं कोन वाजवते?"

"मी," नंदिनी म्हणाली.

"म्हनूनच आलो. वाटलं, ही सुलोचना तं नोहे, कोनीतरी खरंच अडचणीत हाय."

सुलोचनाबाईला हसू आलं की रडू, ते तिला ठरवता येईना. तिनं झुडपांमागच्या डब्यांकडे बोट केलं.

देवकाबाईनं डब्यात पाहिलं आणि मुसळ उचललं. रीतच होती.

"थांब वो," सुलोचनाबाई म्हणाली. "पह्यले पाह्य. पाह्यलं ना? आता हात नको लावू. फोडलं तं काय दाखवू पोलिसायले, ओली माती? तो महिन्याभरात परत येईन, नवे डबे घेऊन. फोन कर नंदिनी. ते येईस्तोवर बसा सगळ्या."

"बसा?" पीठवाली म्हणाली. "किती येळ?"

"येईस्तोवर."

सातजणी बांधावर बसल्या, सुलोचनाबाई आठवी. ठाण्यातून सांगितलं होतं, गाडी निघते आहे. पाव घंटा झाला. अर्धा झाला. उन्हं उतरली. एक उठली, बसली. एकीनं मोबाईल काढला, चार्जिंग नव्हतं, परत ठेवला. पीठवाली गवताच्या काड्या मोडत होती.

"फोडून टाकू ना वो, सुलोचना," देवकाबाई म्हणाली. तिच्या मांडीवर मुसळ नाचत होतं. "मले कसंतरी होऊन राह्यलं."

"कुठं होते?"

"म्हंजे?"

"पायात होते का हातात?"

देवकाबाईनं तिच्याकडे पाहिलं, ही बाई वेडी तर झाली नाही ना अशी. मग खरंच विचार केला. "हातात."

"माह्या पायात सुरू होते," सुलोचनाबाई म्हणाली. "बस. होऊ दे. कशानं होते ते मले बी नाई समजलं अजून."

देवकाबाईनं मुसळ गवतावर आडवं ठेवलं. डांबरी रस्त्याकडून एका गाडीचा आवाज आला, जवळ आला आणि पुढे निघून गेला. ती त्यांची नव्हती. कोणी उठलं नाही.

नंदिनीच्या गळ्यात शिट्टी लटकत होती. सुलोचनाबाईच्या मनात आलं, मागावी का परत? का पोरीकडेच राहू द्यावी? हात पुन्हा गळ्याशी गेला, तिथं नुसतं मंगळसूत्र होतं. पोटऱ्यांत मुंग्या होत्याच. ती तशीच बसून राहिली, रस्त्याकडे बघत.